नशीब वहीच्या कोणत्या रकान्यात लिहायचं?



धंदा सुरू करायला निघालेल्या माणसाला दोन प्रकारचे सल्लागार हमखास भेटतात. पहिला म्हणतो, "नशिबात असेल तर चालेल बाबा." दुसरा बहुतेक वेळा माझ्याच व्यवसायातला असतो, म्हणजे माईक धरून बोलणारा ट्रेनर. तो म्हणतो, "नशीब वगैरे काही नसतं. मेहनत करा, यश मिळणारच!"

पहिल्याचं ऐकलं तर माणूस हात बांधून बसतो. दुसऱ्याचं ऐकलं तर माणूस घरातले दागिने गहाण टाकतो, सगळे पैसे एकाच मालात घालतो, आणि तो माल अंगावर पडला की रात्ररात्र जागून स्वतःला दोष देत बसतो. कारण त्याला शिकवलेलंच असतं की यश मिळालं नाही म्हणजे मेहनत कमी पडली.

माझं मत स्पष्ट सांगतो. दोघंही चुकतात, आणि दुसरा जास्त नुकसान करतो. पहिला निदान तुमचे पैसे तरी वाचवतो.

या आठवड्याच्या व्हिडिओत मी जुन्या ग्रीक विचारवंतांचा उल्लेख केला. व्हिडिओत वेळ कमी असतो, म्हणून इथे सविस्तर लिहितोय. काही जण म्हणतील, "सर, ग्रीक तत्त्वज्ञान आणि आपलं दुकान, काय संबंध?" संबंध आहे. ही माणसं समुद्रकाठच्या व्यापारी शहरांत राहत होती. आज जहाज भरून माल निघाला, उद्या वादळात गेला. कधी चाचे, कधी दुष्काळ, कधी लढाई. नशीब हा त्यांच्या रोजच्या बोलण्यातला विषय होता. त्यावर त्यांनी सहाशे-सातशे वर्षं वाद घातला. त्या वादातून आपल्याला कामाच्या चार-पाच गोष्टी मिळतात. त्या आपल्याला फुकट मिळतायत, त्यांनी मात्र बुडालेल्या जहाजांच्या किमतीत शिकल्या.

नशीब नावाची देवी

नशिबाला ग्रीक शब्द आहे 'ट्युखे'. हाच शब्द देवीचं नाव म्हणूनही वापरला जायचा. इ.स.पू. ३०० मध्ये अँटिओक नावाचं शहर वसवलं गेलं. आज ते तुर्कस्तानात आहे, अंताक्या नावाने. त्या शहरासाठी यूटिकिडीस नावाच्या शिल्पकाराने ट्युखेची मूर्ती घडवली. देवी खडकावर बसलेली, डोक्यावर शहराच्या तटबंदीचा मुकुट, आणि पायाशी पोहणारी नदी. ती इतकी गाजली की तिच्या नकला ठिकठिकाणी झाल्या. म्हणजे बघा, नव्या शहराने आपली रखवालदार म्हणून नशिबाची देवी निवडली.

पण त्याच्याही आधी डेमोक्रिटस नावाचा विचारवंत खडसावून गेला होता. हा तोच, ज्याने सगळं जग अणूंचं बनलंय असं सांगितलं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की माणसांनी नशिबाची मूर्ती घडवली ती आपला अविचार झाकायला. शहाणपणाशी नशिबाची टक्कर फार क्वचित होते, एरवी डोकं वापरलं तर बहुतेक गोष्टी सरळ होतात.

दुकान बंद पडल्यावर "जागाच लाभली नाही" म्हणणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. भाडं विक्रीच्या किती टक्के होतं, उधारी किती थकली होती, हे विचारलं की मात्र वही सापडत नाही. डेमोक्रिटस अशांबद्दलच बोलतोय. तो बरोबर आहे, पण अर्धाच. बाकीच्या अर्ध्यासाठी पुढे जाऊ.

बाजारात भेटलेला देणेकरी

अ‍ॅरिस्टॉटलने (इ.स.पू. ३८४ ते ३२२) नशिबाचा सगळ्यात नीट अभ्यास केला. आणि त्याने उदाहरण कुठलं घेतलं माहितीये? उधारी वसुलीचं!

एक माणूस बाजारात जातो, दुसऱ्याच कामाला. तिथे त्याला त्याचा देणेकरी भेटतो, तोही नेमका वर्गणी गोळा करत असताना, म्हणजे हातात पैसे असताना. याला आपले पैसे परत मिळतात. तो देणेकरी तिथे आहे हे आधी माहीत असतं, तर हा वसुलीसाठी मुद्दाम गेला असता. पण तो त्यासाठी गेला नव्हता. अ‍ॅरिस्टॉटल म्हणतो, याला नशीब म्हणायचं.

साधी गोष्ट वाटते, पण यात धंद्याचे दोन धडे आहेत.

पहिला धडा. अ‍ॅरिस्टॉटलच्या मते या अर्थाचं नशीब फक्त त्यालाच असतं, जो विचार करून काही ठरवू शकतो आणि काही कामाला निघू शकतो. दगडाला, जनावराला, अगदी लहान मुलालाही हा शब्द लागू होत नाही. त्यांच्या बाबतीत गोष्टी आपोआप घडतात, आणि त्यासाठी तो वेगळा शब्द वापरतो. देणेकरी भेटला तो बाजारात गेलेल्या माणसाला. घरी बसलेल्याला तो भेटला नसता. म्हणून "असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी" हा हिशेब इथे चालत नाही. दुकान वेळेवर उघडणं, प्रदर्शनात टेबल लावणं, जुन्या गिऱ्हाइकाला सहज फोन करणं, हे सगळं 'बाजारात जाणं' आहे. यातल्या कोणत्या फेरीत काय मिळेल ते सांगता येत नाही, पण फेऱ्याच मारल्या नाहीत तर काय मिळणार ते आधीच ठाऊक आहे.

दुसरा धडा जास्त महत्त्वाचा. अ‍ॅरिस्टॉटल म्हणतो, जे नेहमी किंवा बहुतेक वेळा घडतं त्याला नशीब म्हणू नका. तो माणूस दरवेळी वसुलीसाठीच बाजारात जात असता आणि दरवेळी पैसे मिळत असते, तर ते नशीब नव्हतं, ती वसुलीची पद्धत होती.

आता हे आपल्या गल्ल्याला लावा. समजा, तुमच्या फरसाणाच्या दुकानात दर गुरुवारी विक्री वाढते. "गुरुवार मला लाभतो" असं म्हणून गप्प बसू नका. बाहेर येऊन रस्ता बघा. कदाचित जवळच्या मंदिरात गर्दी असते, कदाचित आठवडी बाजार असतो. कारण सापडलं की माल तसा ठेवता येतो. आणि याच्या उलटही. एखादी मोठी ऑर्डर कुणाच्या तरी ओळखीतून एकदाच आली, तर तिला महिन्याची सरासरी समजून मशीनसाठी कर्ज काढू नका. ती वसुली बाजारात चुकून भेटलेल्या देणेकऱ्याची आहे. आनंद माना, पेढे वाटा, पण हप्ता तिच्या भरवशावर ठरवू नका.

आधी कारण शोधा, मग देवाचं नाव घ्या

इ.स.पू. दुसऱ्या शतकात पॉलिबियस नावाचा ग्रीक इतिहासकार होऊन गेला. त्याने एक नियम सांगितला, तो प्रत्येक दुकानदाराने भिंतीवर लावावा असा आहे. तो म्हणतो, अतिवृष्टी, दुष्काळ, साथीचे रोग अशा गोष्टींचं कारण माणसाला सापडत नाही. तिथे देवाकडे किंवा नशिबाकडे बोट दाखवलं तर समजण्यासारखं आहे, देवाला कौल लावायलाही हरकत नाही. पण जिथे कारण शोधता येतं, तिथे देवाला मध्ये आणू नका. त्याने उदाहरण दिलं ते त्याच्या काळातल्या ग्रीसचं. गावं ओस पडत होती, लोकसंख्या घटत होती. पॉलिबियस म्हणतो, याला देवाला कशाला विचारायचं? लोक लग्नं टाळतात, मुलं वाढवत नाहीत किंवा एखाद-दुसरंच वाढवतात, हे उघड कारण समोर आहे.

त्याचंच दुसरं उदाहरण रोमन सेनापती स्किपिओचं. इ.स.पू. २०९ मध्ये त्याने स्पेनमधलं नवं कार्थेज हे शहर जिंकलं. ते आजचं कार्ताहेना. शहराच्या एका बाजूला उथळ खाडीसारखं पाणी होतं. हल्ला चालू असताना ते पाणी ओसरलं आणि सैनिक त्यातून चालत तटाला भिडले. लोक म्हणाले, काय नशीब! देवच पावला! पॉलिबियस सांगतो, स्किपिओने आधीच तिथल्या कोळ्यांकडे चौकशी केली होती. पाणी बहुतेक ठिकाणी पायी ओलांडण्याइतकं उथळ आहे आणि बहुधा रोज संध्याकाळच्या सुमाराला ओसरतं, हे त्याला माहीत होतं. सैनिकांना मात्र त्याने सांगितलं की समुद्रदेवाने स्वप्नात येऊन मदतीचं वचन दिलंय!

बाहेरून जे नशीब दिसतं, त्यातलं बरंचसं आतून कोळ्यांना विचारलेले प्रश्न असतात. तुमच्या शेजारच्या दुकानदाराचं 'नशीब' कधी नीट बघितलंय का? तो माल कुठून उचलतो, कोणत्या दिवशी उचलतो, रोखीने घेतो की उधारीवर, हे विचारा. दाराला लिंबू-मिरची बांधायला माझी हरकत नाही, ज्याची त्याची श्रद्धा. पण आधी मालाची तारीख तपासा, मग लिंबू बांधा.

बुडालेल्यांच्या पाट्या कुठे आहेत?

इथपर्यंत वाचून वाटेल की सर शेवटी मेहनतीवरच आले. थांबा. आता दुसऱ्या सल्लागाराची पाळी.

सॅमोथ्रेस नावाचं एक ग्रीक बेट आहे. तिथल्या देवस्थानाला खलाशी नवस बोलायचे आणि वादळातून वाचले की आपल्या सुटकेची चित्रपाटी तिथे लावायचे. मेलोस बेटाचा डायगोरस नावाचा माणूस देव न मानणारा म्हणून प्रसिद्ध होता. सिसेरोने त्याची गोष्ट नोंदवून ठेवलीय. मित्राने त्याला त्या पाट्या दाखवल्या आणि विचारलं, एवढे लोक नवसाने वाचले, हे दिसत नाही का? डायगोरसचं उत्तर साधं होतं. जे बुडाले, त्यांची चित्रं कुणी लावलेली नाहीत.

मला इथे देवाविषयी काही बोलायचं नाही. मला आमच्या सेमिनारच्या स्टेजविषयी बोलायचंय. स्टेजवर बोलावले जातात ते वाचलेले खलाशी. "मी सगळं पणाला लावलं, मागे वळून पाहिलं नाही, म्हणून आज इथे आहे." टाळ्या! पण सगळं पणाला लावून, मागे वळून न बघता जे बुडाले, ते प्रेक्षकांतही नसतात. ते कुठेतरी हप्ते फेडत असतात. मेहनत दोघांनीही केली. यशस्वी माणूस खोटं बोलत नाही, पण त्याला स्वतःच्या यशातला नशिबाचा हिस्सा दिसत नाही. आणि ट्रेनर त्याला विचारत नाही, कारण विचारलं तर तिकीट विकलं जात नाही.

तुम्ही कुठलाही कोर्स करा, माझाही करा, पण एक प्रश्न जरूर विचारा. "सर, हीच पद्धत वापरून किती जण बुडाले?" उत्तर टाळणाऱ्याकडे फी भरू नका.

अथेन्सचे सावकार नशिबाला भाव लावायचे

मग करायचं काय? हे तत्त्वज्ञांच्या आधी तिथल्या व्यापाऱ्यांना कळलं होतं.

इ.स.पू. चौथ्या शतकात अथेन्समध्ये समुद्री कर्जाची पद्धत होती. व्यापारी माल भरण्यासाठी कर्ज घ्यायचा. जहाज सुखरूप परत आलं तर मुद्दल आणि जबरदस्त व्याज द्यायचं. जहाज बुडालं तर कर्ज माफ. डेमॉस्थेनिसच्या भाषणांमध्ये जतन झालेल्या एका खटल्यात असा अख्खा करारनामा वाचायला मिळतो. कर्ज ३,००० द्राख्मांचं, काळ्या समुद्राकडच्या फेरीसाठी, आणि तारण म्हणून मेंडे गावच्या वाइनचे ३,००० रांजण. व्याज हजाराला २२५, म्हणजे साडेबावीस टक्के. पण परतीला उशीर झाला आणि सप्टेंबरच्या मध्याला स्वाती नक्षत्राचा तारा उगवल्यानंतर निघावं लागलं, तर व्याज हजाराला ३००, म्हणजे तीस टक्के. कारण त्यानंतर समुद्र खवळतो.

काय केलं बघा त्यांनी. वादळ येणारच नाही असं कुणी म्हटलं नाही, आणि वादळाला घाबरून बंदरातही बसलं नाही. वादळाला भाव लावला आणि तो कागदावर लिहिला. उशिरा निघालात तर साडेसात टक्के जास्त. जहाज बुडालं तर नुकसान कुणाचं, तेही आधीच ठरलेलं.

गंमत म्हणजे हा खटला उभा राहिला तो जहाज बुडालं या सबबीवरूनच. सावकाराचं म्हणणं होतं की कर्जदारांनी करारात लिहिल्याप्रमाणे मालच भरला नाही, आणि आता बुडालेल्या जहाजाचं कारण पुढे करतायत. म्हणजे डेमोक्रिटसचं म्हणणं कोर्टापर्यंत पोचलं होतं. नशीब खरंही असतं आणि नशिबाची सबबही असते. दोन्ही वेगळं करायला लिखापढी लागते.

आपल्याकडे याचं साधं रूप म्हणजे दुकानाचा, मालाचा विमा, आणि भागीदारीचा लेखी करार. किती जण करतात? भावाभावांत, मित्रामित्रांत "आपल्यात कसला कागद" म्हणून धंदा सुरू होतो. धंदा चालला तरी भांडण, बुडाला तरी भांडण. कागद अविश्वासासाठी नसतो. वादळ आलं तर काय करायचं, ते डोकं शांत असताना ठरवण्यासाठी असतो.

थेलीसची गोष्टही याच चालीची आहे. तो इ.स.पू. सहाव्या शतकातला मिलेटस शहराचा तत्त्वज्ञ, आणि गोष्ट सांगितलीय अ‍ॅरिस्टॉटलने. लोक थेलीसला गरिबीवरून टोमणे मारायचे. त्याने ताऱ्यांवरून अंदाज बांधला की पुढच्या हंगामात ऑलिव्हचं पीक भरघोस येणार. हिवाळ्यातच त्याने मिलेटस आणि कायोसमधले सगळे तेलाचे घाणे थोडा थोडा इसार देऊन धरून ठेवले. त्या वेळी दुसरं कुणी बोली लावायलाच नव्हतं, त्यामुळे स्वस्तात मिळाले. हंगाम आला, एकदम सगळ्यांना घाणे हवे झाले, आणि थेलीसने आपल्या भावाने ते भाड्याने दिले.

ही गोष्ट लोक हुशारीची म्हणून सांगतात. माझं लक्ष 'थोडा इसार' या शब्दांवर जातं. ताऱ्यांकडे बघून पीक कळतं यावर मी पैज लावणार नाही. पण अंदाज चुकला असता तर थेलीसचा फक्त इसार बुडाला असता. त्याने घाणे विकत घेतले असते, तेही कर्ज काढून, आणि पीक आलं नसतं, तर आज त्याचं नाव वेगळ्या कारणाने घेतलं गेलं असतं.

नशीब म्हणजे कच्चा माल

आता एपिक्युरस (इ.स.पू. ३४१ ते २७०). अथेन्समध्ये बाग घेऊन तिथे शिकवायचा. त्याने मित्राला लिहिलेल्या एका पत्रात नशिबाबद्दल नेमकं सांगितलंय. लोक मानतात तशी नशीब ही देवता नाही. ते माणसाला थेट सुख किंवा दुःख देत नाही. ते फक्त सुरुवात देतं, आणि त्या सुरुवातीतून मोठं भलं किंवा मोठं वाईट घडतं. शिवाय तो म्हणतो, अविचाराने नशीबवान होण्यापेक्षा विचार करून कमनशिबी ठरणं बरं.

आपल्याकडे म्हणतात ना, "दैव देतं आणि कर्म नेतं." तीच गोष्ट. सुरुवात देण्यात नशिबाचा हात मोठा आहे, हे मोकळेपणाने मान्य करायला हवं. कुणाला वडिलांची चौकातली जागा मिळते, कुणाला शिक्षण मिळतं, कुणाला जामीन राहणारा मामा असतो. आणि कुणाला यातलं काहीच नसतं. पुढचा भाग म्हणजे त्याचं काय केलं.

अ‍ॅरिस्टॉटलने यासाठी चांभाराचं उदाहरण दिलंय. चांगला चांभार मिळालेल्या चामड्यातून शक्य तितकी चांगली चप्पल बनवतो. चांगला माणूसही हाती आलेल्या परिस्थितीत जमेल तितकं चांगलं करतो. पण अ‍ॅरिस्टॉटल प्रामाणिक आहे, तो तिथे थांबत नाही. तो ट्रॉयचा राजा प्रायम आठवतो, ज्याचं म्हातारपणी सगळं गेलं. अशा माणसाला सुखी म्हणायला तो तयार नाही. म्हणजे चामडंच नसेल तर कसब असूनही चप्पल होत नाही. हे ऐकायला गोड नाही, पण खरं आहे. म्हणून गरिबीतून आलेल्या नवउद्योजकाला "सबबी सांगू नकोस" म्हणणारा ट्रेनर मला पटत नाही. त्याला आधी चामडं कुठून मिळेल ते सांगा. बचत गट, सरकारी योजना, भाड्याची मशीन, गिऱ्हाइकाकडून अ‍ॅडव्हान्स, जे काही जमेल ते.

वादळानंतरची झोप

शेवटचे स्टोइक. त्यांचा संस्थापक झेनो हा मुळात व्यापारी होता, अशी गोष्ट सांगतात. जांभळ्या रंगाचा महागडा माल घेऊन येताना अथेन्सच्या बंदराजवळ त्याचं जहाज फुटलं. तो शहरात आला, एका पुस्तकविक्रेत्याकडे बसला, सॉक्रेटिसबद्दलचं पुस्तक ऐकलं आणि तत्त्वज्ञ झाला. ही गोष्ट "अपयश म्हणजेच संधी" म्हणून सांगायची फॅशन आहे. मी तशी सांगणार नाही. त्याच समुद्रात माल गमावलेल्या बाकीच्या व्यापाऱ्यांना पुस्तकाचं दुकान भेटलं नाही. पुन्हा सॅमोथ्रेसच्या पाट्या!

पण याच परंपरेतला एपिक्टेटस मला धंद्यासाठी मोलाचा वाटतो. तो जन्माने गुलाम होता. तो म्हणतो, प्रवासाला निघताना मी काय करू शकतो? कप्तान निवडू शकतो, खलाशी निवडू शकतो, दिवस आणि वेळ निवडू शकतो. मग वादळ आलं तर माझं काम मी केलेलं आहे, पुढचा विषय माझा नाही. फाशांचंही तसंच. कोणतं दान पडेल ते माझ्या हातात नाही, पडलेलं दान काळजीपूर्वक खेळणं माझ्या हातात आहे.

इथे माझा थोडा मतभेद आहे. एपिक्टेटसच्या जहाजात तो एकटाच आहे. तुमच्या जहाजात बायकोचे दागिने असतात, भावाची जामीनकी असते, मुलांची फी असते. म्हणून "पुढचा विषय माझा नाही" असं निघण्याआधी म्हणायचा अधिकार आपल्याला नाही. निघण्याआधी अथेन्सच्या व्यापाऱ्यासारखं वागायचं. बुडालो तर किती जाईल आणि कुणाचं जाईल, ते लिहून काढायचं. घर जाणार असेल तर तो डाव खेळायचाच नाही, मग फायदा कितीही दिसो.

पण एवढं सगळं केल्यानंतरही जहाज बुडालं, तर मात्र एपिक्टेटसचं ऐका. मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागलं तेव्हा नुकतीच खानावळ उघडलेल्या माणसाची काय चूक होती? त्याने कप्तान नीट निवडला होता. अशा माणसाला "तू कमी पडलास" म्हणणं हा अन्याय आहे, आणि तो स्वतःच स्वतःला तसं म्हणत असेल तर जास्तच. धंदा बुडणं म्हणजे माणूस बुडणं नाही, हे आपण ट्रेनर लोकांनी यशाच्या गोष्टींइतक्याच मोठ्या आवाजात सांगायला हवं. स्वतःला संपूर्ण अपयशी ठरवलेला माणूस पुन्हा बाजारात जात नाही. आणि बाजारात न जाणाऱ्याला देणेकरी भेटत नाही, हे आपण वर बघितलंच.

या आठवड्याचं काम

एक साधी वही घ्या. प्रत्येक मोठ्या निर्णयाआधी, मग तो नवीन माल असो, नवी जागा असो की कर्ज, पानावर तीन रकाने आखा.

१. माझ्या हातात काय आहे? (दर्जा, वेळ, चौकशी, कागदपत्रं, उधारीची मर्यादा.)

२. माझ्या हातात काय नाही? (पाऊस, बाजारभाव, समोर उघडणारं दुकान, सरकारी नियम.)

३. दुसऱ्या रकान्यातलं उलटं पडलं तर किती रुपये जातील, आणि ते कुणाचे? इथे आकडा लिहायचा. "बघू" असं लिहायचं नाही.

महिना संपला की त्याच पानावर खाली लिहा: जे झालं त्यातलं किती पहिल्या रकान्यामुळे झालं आणि किती दुसऱ्यामुळे? फायदा झाला असेल तेव्हाही लिहा. तेव्हाच हात जास्त थरथरतो, कारण आपल्या फायद्यातला नशिबाचा हिस्सा मान्य करायला कुणालाच आवडत नाही. सहा महिने हे केलंत तर तुमचा कोणता नफा पद्धतीचा आहे आणि कोणता बाजारात चुकून भेटलेला, ते तुम्हालाच दिसेल. पुढचं कर्ज पद्धतीच्या नफ्यावर काढा.

पुढच्या व्हिडिओत हा तिसरा रकाना कसा भरायचा ते एका छोट्या खानावळीच्या आकड्यांवर करून दाखवतो. तोपर्यंत वही आणून ठेवा.

भेटूया. धंदा सांभाळा, आणि स्वतःलाही सांभाळा!